वड्याचें तेल वांग्यावर

मनुष्याच्या रागाचे ढोबळ मानानें दोन प्रकार करतां येतील. एक मोठा राग. अन्याय, अपमान किंवा विश्वासघात ह्यांनीं तो उत्पन्न होतो, आणि सामान्य संसारी माणसाच्या वांट्याला तो वर्षाकाठीं एकदोनदांच येतो. दुसरा राग चिलटासारखा असतो. तो फारसा चावत नाहीं, पण कानाशीं गुणगुणत राहतो. कोणी डब्याचें झांकण सैल ठेविलें, वर्तमानपत्राच्या घड्या विस्कटल्या, न्हाणीघरांतील दिवा जळत राहिला, चपला उंबऱ्यांत आडव्या पडल्या, जेवतांना कोणी मोबाइल पाहत बसलें, कीं हा राग उठलाच. त्यास राग म्हणणें थोडें जड होतें. आपण त्यास चीड म्हणूं. दहा माणसांच्या एकत्र कुटुंबांत प्रत्येकाच्या चार चिडी धरल्या तरी घरांत चाळीस होतात. ह्या चाळीस काट्यांमधून रोज अंग चोरून चालणें ही एकत्र कुटुंबाची खरी कसरत होय.

ह्या चिडी क्षुल्लक म्हणून सोडून देण्याची रीत आहे. आम्हांला तसें वाटत नाहीं. आपण कोणती चीड बोलून दाखवितों, कोणती गिळतों, आणि जी बोलून दाखवितों ती कोणासमोर, एवढें पाहिलें तरी घराची रीतभात पुष्कळशी कळते.

सुशिक्षित घरांत ह्या चिडींमध्यें पहिला मान शब्दांचा. 'मला तें पुस्तक भेटलें' असें कोणी म्हटलें, कीं 'माणूस भेटतो, पुस्तक मिळतें' ही दुरुस्ती ठरलेली. मुंबईचा भाचा 'मी त्याला बोललों' म्हणतो, तेव्हां मामांच्या कपाळाला आठी पडते. 'म्हणालों' किंवा 'सांगितलें' म्हणावयास काय झालें? 'मला मदत कर' ऐवजीं 'माझी मदत कर' हें हिंदीचें वळण ऐकून आजोबा चष्मा काढून ठेवतात. कोल्हापुराकडील पाहुणी 'मी येतो' म्हणाली, कीं घरांतील पोरें तोंड फिरवून हंसतात. आजोबा अजून जुन्या वळणाचे अनुस्वार देतात, आणि १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांवर वाढलेली नातवंडें ते पाहून हंसतात, तो भाग वेगळा. पोळी म्हणावें कीं चपाती, ह्या वादावर तर ताटांतील पोळी निवून जाईपर्यंत बोलतां येतें.

सर्वांत अधिक दुरुस्त्या वांट्याला येतात त्या नव्या सुनेच्या. समजा, ती नागपूरची आहे व लग्न होऊन पुण्यास आली आहे. बाजाराच्या यादींत ती 'सांबार' लिहिते. घरांतील कोणी तरी इडलीबरोबरचा बेत समजून तुरीची डाळ आणि शेवग्याच्या शेंगा घेऊन येतें. तिला हवी असते कोथिंबीर. विदर्भांत कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. ती बटाट्याला 'आलू' म्हणते, भुईमुगाच्या शेंगेला 'फल्ली' म्हणते, आणि 'मी काम करून राहिली' असें बोलते. प्रत्येक शब्दाला कोणी हंसतें, कोणी सुधारतें. हंसणाऱ्याच्या मनांत विष नसतें, हें खरें. पण दिवसांतून पंधरा वेळां हंसें झालेली मुलगी सोळाव्या वेळीं गप्प राहते, आणि मग घर तिला अबोल म्हणूं लागतें.

वास्तविक ह्या शब्दांच्या इतिहासांत हंसण्याजोगें कांहीं नाहीं. आपला 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आला. 'पाव', 'पगार', 'चावी' हेही त्याच वाटेनें आलेले पाहुणे. उलट 'आलू' हा कंदवाचक संस्कृत 'आलु' शब्दाशीं नातें सांगतो. 'करून राहिली' ह्या प्रयोगाचा विचार करतांना शेजार ध्यानांत घ्यावा. नागपूरचा मुलूख १८६१ पासून १९५६ पर्यंत हिंदीभाषी प्रदेशाबरोबर एकाच प्रांतांत नांदला. 'कर रही है' ची सावली तेथील मराठीवर पडली असेल तर नवल नाहीं. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ह्यांनीं १९३२ ते १९३८ ह्या काळांत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात भाग प्रसिद्ध केले. त्यांत वऱ्हाडच्या शब्दापुढें (व.), गोव्याच्या शब्दापुढें (गो.), कोंकणच्या शब्दापुढें (कों.) अशा खुणा आढळतात. कोशकारांनीं शब्दाचा गांव सांगितला. शब्दाला दोष दिला नाहीं. घरांतही तेवढेंच पुरे.

ह्याचा अर्थ भाषेची आस्था सोडावी, असा मुळींच नव्हे. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांनीं १६७७ च्या सुमारास राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारांतील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकांत सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीनें 'दिनांक', 'महापौर' यांसारखे शब्द रूढ केले. ह्या चळवळीशीं कोणाचा मतभेद असूं शकेल. परंतु ह्या उद्योगांचा रोख दरबार, कचेरी आणि नगरसभा ह्यांकडे होता. जेथें सत्ता होती, तेथली भाषा त्यांनीं सुधारावयास घेतली. आपली रोजची भाषाशुद्धि मात्र स्वयंपाकघरांत चालते, आणि ती घरांतील सर्वांत नव्या माणसावर चालते. कचेरींतील वरिष्ठ 'मला तुमचें पत्र भेटलें' म्हणाले, तर आपण नुसती मान डोलावतों. पाण्याप्रमाणें चीडही उताराकडे वाहते.

हें खरें कीं खोटें, तें दुसऱ्या एका चिडीवरून पडताळून पाहतां येईल. ही चीड मोठी आहे, पण मुकी आहे. घरांतून निघतांना आपल्याकडे 'जातों' म्हणत नाहींत, 'येतों' म्हणतात. सकाळीं आठ वाजतां 'येतों' म्हणून गेलेला मुलगा रात्रीं दहाला येतो. जेवतांना कचेरीचा फोन वाजतो, तेव्हां तो डाव्या हातानें फोन कानाला लावून गॅलरींत जातो आणि ताटांतील भात थिजतो. दिवेलागणीचा परवचा केव्हांच बुडाला. आतां रात्रीचें एकत्र जेवणही रविवारापुरतें उरलें आहे. लहान नातीला वडील जागेपणीं भेटतात ते बहुधा शाळेच्या गाडीची वाट पाहतांना. ह्याविषयीं कोणी चिडून बोलतांना आढळतें काय? उलट चारचौघांत आपण कौतुकानें सांगतों, 'फार वरच्या जागेवर आहे हो, श्वास घ्यायला फुरसत नाहीं.'

कामाचे तास कमी झाले ते आपोआप झाले नाहींत. मुंबईच्या गिरण्यांत एके काळीं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं कामगारांना एकत्र करून साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली, आणि १८९० सालीं गिरणी-कामगारांना रविवार मिळाला. पुढें १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठीं दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. ती १९२२ सालीं ११ तासांवर, १९३४ सालीं बारमाही कारखान्यांपुरती १० तासांवर आली. १९४८ च्या कायद्यांत दिवसाचे ९ आणि आठवड्याचे ४८ तास ठरले. एक एक तास कमी व्हावयास दहा-बारा वर्षें लागलीं, असें म्हटलें तरी चालेल. ज्यांच्याजवळ शिक्षण नव्हतें, शिल्लक नव्हती, त्या माणसांची चीड येथें चढाच्या दिशेनें गेली.

आतां वारा फिरला आहे. इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ति ह्यांनीं ऑक्टोबर २०२३ मध्यें तरुणांनीं आठवड्याला ७० तास काम करावें, असा सल्ला दिला. १९२२ च्या कायद्यांत आठवड्याची मर्यादा ६० तासांची होती, हें येथें आठवण्याजोगें आहे. सप्टेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि दुकानें व आस्थापना ह्यांतील ९ वरून १० तास करण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा मात्र कायम ठेविली. ह्या बातमीवर किती घरांत जेवतांना चर्चा झाली? आमच्या पाहण्यांत तरी ती 'चपाती'च्या वादाइतकी रंगली नाहीं.

आणि हे झाले पगारी तास. घरांतील तासांना तर कोणताच कायदा नाहीं. केंद्र सरकारनें २०२४ सालीं केलेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणींत असें आढळलें, कीं घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनमोल कामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटें देतात. त्याच कामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटें देतात. म्हणजे जवळजवळ पांच तास आणि दीड तास. ज्या नागपूरच्या सुनेचें 'सांबार' आपण सुधारीत होतों, ती बहुधा स्वतःही नोकरी करते. कचेरींतून येऊन ओट्यापुढें उभी राहते, तेव्हां तिची दुसरी पाळी सुरू होते. तिचे तास कोणी मोजीत नाहींत. शब्द मात्र सगळे मोजतात.

येथें दोन्ही चिडींचा सांधा दिसून येतो. दिवसभर वरिष्ठांचें ऐकून घेतलेला माणूस घरीं येतो. तेथें गिळलेला शब्द येथें डब्याच्या झांकणावर, पोरांच्या गोंगाटावर, नाहीं तर बायकोच्या बोलण्याच्या धाटणीवर निघतो. वड्याचें तेल वांग्यावर निघतें. वांगें बिचारें उत्तर देत नाहीं, म्हणून हा व्यवहार वर्षानुवर्षें सुखानें चालतो.

कोणी म्हणेल, घराचे हप्ते डोक्यावर असतां वरिष्ठांना उलट बोलणार कोण? हा प्रश्न खरा आहे, आणि एकट्यादुकट्या नोकरानें तलवार उपसावी, असें आम्ही सांगत नाहीं. फ्रान्समध्यें ५० किंवा त्याहून अधिक नोकर असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरील संदेशांविषयीं नोकरांशीं वाटाघाट करण्याचें बंधन १ जानेवारी २०१७ पासून आलें, तेंही एकट्याच्या तक्रारीनें नव्हे. पण कुटुंबाच्या हातीं कांहीं नाहीं, असें मात्र नाहीं. रात्रीं उशिरां येण्याची फुशारकी सांगणें आपण आजपासून बंद करूं शकतों. जेवणाच्या वेळीं सर्वांचे फोन एका फळीवर ठेवण्याचा नियम आजी-आजोबांनीं घातला, तर तो मोडण्याचें धैर्य सहसा कोणास होत नाहीं. नातवालाही 'आमच्या घरचा नियम आहे' असें कचेरींत सांगतां येतें. जेवणानंतरचीं भांडीं आणि ओटा घरांतील पुरुषांनीं वांटून घेतल्यास त्या २८९ मिनिटांतील कांहीं मिनिटें त्याच दिवशीं कमी होतात. त्याला सरकारी मान्यता लागत नाहीं.

आणि मुलीचें स्थळ पाहतांना आपण मुलाचें शिक्षण विचारतों, पगार विचारतों, सदनिका किती खोल्यांची तें विचारतों. ह्यापुढें आणखी दोन प्रश्न विचारावे: मुलगा घरीं किती वाजतां येतो, आणि आल्यावर काय करतो? उत्तर ऐकून वरपक्ष थोडा चिडला, तर चिडूं द्यावा. ती चीड योग्य जागीं लागली, असें समजावें.