सांगितले तेवढेच

सरकारी कचेरीत ज्याची वीस वर्षे गेली, त्याला आज्ञा लिहिण्याची कला साधली असेल असे समजावयास हरकत नसावी. मीही तसेच समजत होतो. ‘योग्य ती कार्यवाही त्वरित करावी’ हे वाक्य मी किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. आणि वाचणारा माणूस समंजस असल्यामुळे बहुधा कामही झाले. परंतु काडेपेटीहूनही लहान अशा एका काळ्या तुकड्याने माझा हा गर्व उतरविला. त्या तुकड्याचे नाव मायक्रोकंट्रोलर.

श्रोतेहो, आपल्या घरातील कपडे धुण्याच्या यंत्रात हा बहुधा असतोच. मोठ्या संगणकाचा हा गरीब नातेवाईक म्हणावा. याला ना पडदा, ना कळफलक. काही तारांवाटे बाहेरची स्थिती जाणावी, लिहून दिलेल्या सूचना पाळाव्या, आणि दुसऱ्या तारांवाटे दिवा किंवा पंप चालू-बंद करावा, एवढेच याचे काम. इटलीतील इव्रेआ या गावी २००५ साली, अभियंते नसलेल्या विद्यार्थ्यांनाही हे शिकता यावे म्हणून ‘अर्डुइनो’ नावाची पाटी तयार झाली. तिच्या ‘उनो’ या प्रकारात सेकंदाला १ कोटी ६० लक्ष ठोके पडतात. मात्र काम करताना आकडे मांडावयास जागा अवघी २ किलोबाइट.

या पाटीसाठी लिहावयाच्या प्रोग्रामचे दोन भाग असतात. रात्रीच्या पहारेकऱ्याचे उदाहरण घ्या. कामावर येताच तो कंदील पेटवतो, काठी घेतो, हे एकदाच. मग गस्त सुरू होते, ती उजाडेपर्यंत संपत नाही. पहिल्या भागाला ‘सेटअप’ म्हणतात, दुसऱ्याला ‘लूप’. लूपमधील सूचना वरून खाली क्रमाने पाळल्या जातात आणि शेवट आला की पुन्हा पहिलीपासून. वीज आहे तोवर ही गस्त चालूच.

गस्तीत निर्णय घ्यावे लागतात. दार उघडे असेल तर हाक मार, नसेल तर पुढे चल. ही झाली अट. आणि काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, त्यासाठी ‘चल’. चल म्हणजे नाव लिहिलेला डबा. आतला जिन्नस बदलतो, डब्याचे नाव तेच राहते. क्रम, आवर्तन, अट आणि चल, या चार गोष्टी कळल्या की निम्मी विद्या हाती आली. उरलेली निम्मी मला आईमुळे कळली.

माझी आई रात्री उठते. अंधारात बटण चाचपताना ती पडेल, ही मला धास्ती. हालत्या देहाची उष्णता ओळखणारा एक सेन्सर मी तिच्या खोलीत बसविला. सूचना साध्या होत्या : हालचाल दिसली तर त्या क्षणाची वेळ टिपून ठेव आणि दिवा लाव, टिपलेल्या वेळेपासून ठरलेला अवधी लोटला असेल तर दिवा विझव. दिवसा १० सेकंदांचा अवधी ठेवून पाहिले, काम चोख झाले. मग आईची चाल मंद, म्हणून अवधी ४० सेकंद केला आणि निश्चिंत झोपलो.

तिसऱ्या दिवशी आईचे डोळे सुजलेले दिसले. खोदून विचारल्यावर कळले की, दिवा एकदा लागला तो सकाळपर्यंत विझलाच नव्हता. दोन रात्री ती उजेडात डोळ्यांवर पदर घेऊन पडून होती. “तू एवढ्या हौसेने केलंस, म्हणून बोलले नाही रे,” ती म्हणाली.

चूक डब्याच्या मापाची होती. हे यंत्र वेळ सेकंदाच्या सहस्रांशांत मोजते. १० सेकंद म्हणजे १०,०००, आणि ४० म्हणजे ४०,०००. मी अवधीसाठी जो डबा निवडला होता, त्याला ‘इंट’ म्हणतात. या पाटीवर त्यात उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतचीच संख्या मावते. जुन्या स्कूटरचा आकडा शेवटास पोहोचला की पुन्हा आरंभी येतो, तसे ४०,००० चे तेथे उणे २५,५३६ झाले. लोटलेला काळ ठेवण्याचा डबा मोठा होता, पण त्यात उणे संख्येला स्थान नव्हते. त्याच्याशी तुलना करताना यंत्राने माझा उणे आकडा बिनउण्याच्या हिशेबाने वाचला, तो ४,२९,४९,४१,७६० असा. म्हणजे दिवा विझावयास सुमारे ४९ दिवस १७ तास लागले असते! मोठ्या मापाचा ‘अनसाइन्ड लाँग’ हा डबा घेताच सारे सुरळीत झाले.

यंत्राने आज्ञाभंग केला नव्हता. लिहिले तेवढेच केले होते. मला काय अभिप्रेत होते, हे जाणणे त्याचे काम नव्हे. नव्याने शिकणाऱ्यांना म्हणूनच सांगतो : आरंभ एका लहान दिव्यापासून करा, प्रत्येक डब्याचे माप पाहा, आणि एक आकडा जरी बदलला तरी पुन्हा तपासून पाहा. मी दहाची परीक्षा घेतली आणि चाळीसवर विश्वास टाकला.

आणखी एक. चूक झाली हे यंत्र बोलले नाही, आणि आईही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी “झोप लागली का?” एवढे विचारावयाचे मात्र माझ्याकडून राहून गेले होते.