विश्लेषण : कोंबडी खाते तेवढेच, अंडी मात्र घटतात... यकृताचा संबंध काय?

मका आणि सोयापेंडीचे दर वाढले की पोल्ट्रीधारक आधी खाद्याच्या बिलाकडे पाहतो. मात्र पोत्यातले खाद्य अंड्यात किती उतरणार, हे बऱ्याच अंशी कोंबडीच्या यकृतावर ठरते. पावसाळी हवा, स्वस्त कच्चा माल आणि पिंजऱ्यातली कोंबडी हे तिन्ही एकत्र येतात, तेव्हा कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात या अवयवाकडे दुर्लक्ष परवडणारे नाही.

खाद्याची कार्यक्षमता कशी मोजतात?

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. लेयर पोल्ट्रीच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा ६५ ते ७५ टक्के असतो. त्यामुळे एका अंड्यामागे किती ग्रॅम खाद्य गेले, हा आकडा महत्त्वाचा ठरतो.

समजा, शेडमध्ये पाच हजार पक्षी आहेत. रोज ५५० किलो खाद्य लागते. उत्पादन ८५ टक्के असेल तर ४,२५० अंडी मिळतात, म्हणजे एका अंड्यामागे सुमारे १२९ ग्रॅम खाद्य जाते. उत्पादन ८० टक्क्यांवर आले तर अंडी ४,००० होतात आणि हाच आकडा १३७ ग्रॅमच्या पुढे जातो. खाद्य तेवढेच, पण दिवसाला २५० अंडी कमी. महिन्याला ७,५०० अंडी गेली. अंड्याला पाच रुपये दर धरला तरी ३७,५०० रुपयांचा फटका. ही घट दिसली की आधी खाद्य कंपनीला दोष दिला जातो, मग पाण्याला, मग हवामानाला. यकृताचा विचार सहसा शेवटी होतो.

यकृतावर एवढा भार का पडतो?

पिवळ्या बलकातील चरबी मुख्यतः यकृतात तयार होते. कोंबडी अंड्यावर आली की शरीरातील इस्ट्रोजेन वाढते आणि त्याच्या आदेशाने यकृत चरबी व बलकातील प्रथिने बनवून रक्तावाटे अंडाशयाकडे पाठवते. एका अंड्यात साधारण पाच ग्रॅम चरबी असते. वर्षाला ३०० अंडी देणारी कोंबडी दीड किलो चरबी अंड्यांतून बाहेर टाकते. व्हाइट लेगहॉर्न जातीच्या कोंबडीचे स्वतःचे वजनही साधारण तेवढेच असते.

या कामात यकृत चरबी बनवते आणि ती बाहेरही पाठवते. बनण्याचा वेग पाठवण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की चरबी यकृतातच साचते.

‘फॅटी लिव्हर’मध्ये काय होते?

अमेरिकेत १९५०च्या दशकात पिंजऱ्यातील कोंबड्यांमध्ये हा विकार नोंदवला गेला. पुढे १९७२ मध्ये यकृतातील रक्तस्रावासह त्याला ‘फॅटी लिव्हर हेमोरेजिक सिंड्रोम’ हे नाव मिळाले. बाधित यकृतात कोरड्या वजनाच्या ४० टक्क्यांहून अधिक, कधी ७० टक्क्यांपर्यंत चरबी आढळते. असे यकृत लोण्यासारखे मऊ होते. अंडे देताना जोर लागला किंवा पक्षी घाबरून फडफडला तरी ते फाटते आणि पोटात रक्तस्राव होऊन कोंबडी मरते.

फसगत होते ती इथेच. मेलेली कोंबडी हडकुळी नसते, उलट वजनदार आणि बऱ्याचदा ऐन उत्पादनातली असते. जास्त ऊर्जेचे खाद्य, पिंजऱ्यात हालचाल नसणे आणि उन्हाळा ही त्यामागची प्रमुख कारणे. पत्र्याच्या शेडमध्ये तापमान वाढले की शरीर ऊब राखण्यासाठी कमी ऊर्जा वापरते. उरलेल्या ऊर्जेची चरबी होते.

बुरशीचे विष कुठून येते?

दुसरा धोका अफलाटॉक्सिनचा. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात आजाराने मेले. शोध घेतल्यावर ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतील बुरशीचे विष सापडले. हे विष सर्वात आधी यकृतावर घाव घालते. तिथली चरबी बाहेर जाण्याचा मार्ग अडतो, प्रथिने कमी बनतात, अंड्यांचा आकार घटतो आणि रोगप्रतिकारशक्ती खालावते. त्यामुळे लसीकरण करूनही अपेक्षित संरक्षण मिळत नाही.

कुक्कुट खाद्यातील अफलाटॉक्सिन बी-१ साठी भारतीय मानक ब्युरोची मर्यादा २० पीपीबी आहे. म्हणजे एक टन खाद्यात फक्त २० मिलिग्रॅम. डोळ्यांना न दिसणारे हे प्रमाण खाद्य शिजवून किंवा उन्हात वाळवूनही नाहीसे होत नाही.

कोल्हापुरात धोका का वाढतो?

गगनबावड्याकडे धो धो पाऊस आणि शिरोळकडे तुलनेने कमी, असा हा जिल्हा आहे. पण पावसाळ्यातील दमट हवा सगळीकडेच असते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगा व कृष्णाकाठची गावे पाण्याखाली गेली होती. पूर नसतानाही भिंतीला टेकलेली, ओल्या फरशीवर रचलेली पोती ओल धरतात. खरिपाचा मका पावसाळ्याच्या अखेरीस निघतो. तो पुरेसा न वाळवता साठवला तर बुरशीला आयते घर मिळते.

त्यात भर पडली ती इथेनॉलची. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले आणि मक्याची मागणी वाढली. साखरपट्ट्यातील या निर्णयाची झळ पोल्ट्रीला मक्याच्या दरातून बसली. मक्यातून इथेनॉल काढल्यावर उरणारा कोरडा चोथा, म्हणजे डीडीजीएस, स्वस्त प्रथिन म्हणून खाद्यात वापरला जातो. तो उपयुक्त आहे, पण सावधगिरी हवी. धान्यातला स्टार्च निघून गेल्याने सुमारे एक तृतीयांश भाग उरतो आणि विष मात्र तसेच राहते. मक्यात १५ पीपीबी असेल तर चोथ्यात ते ४५ पीपीबीच्या आसपास जाऊ शकते.

ओळखायचे कसे?

मेलेला पक्षी खड्ड्यात टाकण्याआधी शवविच्छेदन करून घेणे हा सर्वात खात्रीचा मार्ग. तुरा फिका, पोटात रक्ताची गुठळी, यकृत पिवळे व बोटाने दाबताच फुटणारे असेल तर फॅटी लिव्हरचा संशय घ्यावा. मात्र अंड्यावरच्या निरोगी कोंबडीचे यकृतही थोडे फिकट असते. त्यामुळे केवळ रंगावरून निदान करू नये. पक्ष्यांचे वजन आणि खाणे दोन्ही घटत असेल, अंडी लहान येत असतील तर खाद्यातील विषाची तपासणी आधी करावी. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे, तर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

लिव्हर टॉनिकने भागते का?

टॉनिकमुळे मूळ कारण दूर होत नाही. कोलीन, मिथिओनिन, बी-१२ आणि ई जीवनसत्त्व यकृतातील चरबी हलवायला किंवा यकृताचे रक्षण करायला मदत करतात, पण खाद्यातील ऊर्जा जास्तच राहिली तर चरबी पुन्हा साचते. पक्ष्यांना उपाशी ठेवणे हाही उपाय नव्हे, त्याने उत्पादन कोसळते. एकूण ऊर्जा न वाढवता मक्याचा थोडा भाग तेलाने बदलल्यास यकृताला स्टार्चपासून चरबी बनवण्याचे काम कमी पडते. हा बदल आहारतज्ज्ञ किंवा पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावा.

बुरशीसाठी टॉक्सिन बाइंडर वापरतात. बेंटोनाइटसारखी माती अफलाटॉक्सिन धरून ठेवते, पण इतर बुरशीजन्य विषांवर तिचा तेवढा उपयोग होत नाही. सडलेला मका बाइंडरच्या भरवशावर वापरणे म्हणूनच धोक्याचे.

शेडवर आजपासून काय करता येईल?

दर आठवड्याला त्याच वेळी किमान ५० पक्ष्यांचे वजन करून जातीच्या तक्त्याशी ताडून पाहावे. मका घेताना ओलावा १२ ते १३ टक्क्यांच्या वर नको. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर अंतरावर ठेवावीत आणि जुना माल आधी वापरावा. खाद्याची भांडी व पाइपमध्ये चिकटलेला चुरा नियमित काढावा. डीडीजीएस किंवा पेंडीच्या प्रत्येक खेपेचा अफलाटॉक्सिन अहवाल पुरवठादाराकडे मागावा.

कोल्हापुरात दूध संकलन केंद्रावर फॅट तपासल्याशिवाय दर ठरत नाही. पोल्ट्रीत मात्र लाखोंचे खाद्य बऱ्याचदा हातात घेऊन, वास घेऊन उतरवले जाते. तपासणीचा खर्च काही शेकडा ते काही हजार रुपयांत भागतो आणि उत्पादनातील पाच टक्क्यांची घट त्याहून कितीतरी महाग पडते.