घरच्या ऑर्किडचा पसारा आवरताना

कोकणात आणि मुंबई-ठाण्याच्या आसपास अनेक घरांच्या गॅलरीत व गच्चीवर आता डेंड्रोबियम, ऑन्सिडियम, व्हँडा ही ऑर्किडे दिसतात. घर सांभाळून रोपे विकणाऱ्या भगिनीही बऱ्याच आहेत. त्यांची एक तक्रार आमच्याकडे वारंवार येते. रोप लहान असताना चटकन विकले जाते, पण दोन-तीन वर्षांचे झाले की कुंडीबाहेर पाय काढते, कांड्या चहूकडे लवतात, टेंपोत मोडतात आणि फळीवर एकाच झाडाला दोघांची जागा लागते. गिऱ्हाईक पाहते, कौतुक करते आणि पुढे जाते. मग मोठे, फुलावर आलेले झाड मिळेल त्या भावाने द्यावे लागते.

हा पसारा आवरता येतो, मात्र आधी तो का होतो हे समजून घ्यावे लागते.

डेंड्रोबियम आणि ऑन्सिडियम आडवे सरकत वाढतात. जुन्या कांडीच्या बुडाशी, उसाला असतो तसा डोळा असतो. तो फुटून नवी कांडी येते, तिच्या बुडाशी पुढची. असे झाड दरवर्षी एक-एक पाऊल पुढे टाकते. ऑन्सिडियमच्या काही जातींत हे पाऊल वरच्या बाजूला पडते, म्हणून झाड शिडी चढल्यासारखे कुंडीतून वर निघते आणि मुळे हवेत लोंबतात. व्हँडाचे तसे नाही. त्याचे एकच खोड शेंड्याकडून उंच होत जाते.

पण कांडी लांब, बारीक आणि लेचीपेची होण्याचे मुख्य कारण बहुतेक घरांत एकच असते, आणि ते म्हणजे अपुरा उजेड. झाड उजेडाकडे धाव घेते, म्हणून लांबते. पानांकडे पाहा. गडद हिरवी पाने आपल्याला छान वाटतात, पण डेंड्रोबियमच्या बाबतीत ती उपासमारीची खूण आहे. पान पोपटी असावे. गच्चीवर पन्नास टक्के सावलीची जाळी या झाडाला मानवते. मात्र आतले झाड एकदम बाहेर काढले तर पाने करपतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सरकवावे. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी की लांबलेली कांडी पुन्हा आखूड होत नाही. फरक दिसतो तो पुढच्या फुटीत. तेवढा धीर नसेल तर सुरी हातात घेऊ नये.

दुसरे कारण खताचा सढळ हात. नत्र जास्त झाले की फूट मऊ आणि लांब येते, फुलाऐवजी कांडीवर पिल्ले धरतात. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ आठवड्यातून एकदा, तेही फूट वाढत असताना, पुरे होते.

आता कापणीकडे येऊ. तीन-चार कांड्या मागे मोजून, दोन कांड्यांना जोडणारे आडवे खोड धारदार सुरीने कापावे, पण तुकडा उपटू नये, कुंडीतच राहू द्यावा. पुढची वाढ चालूच राहते आणि मागचा भाग पुढच्या वाढीपासून तुटल्यामुळे त्याचा झोपलेला डोळा जागा होतो. झाड पुढे पळण्याऐवजी मागूनही भरते. नव्या फुटीला मुळे आल्यावर हवे तर वेगळे करावे. प्रत्येक झाडानंतर सुरी ज्योतीवर तापवून घ्यावी, कारण विषाणू रसातून पसरतात. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी, मुळांना नको. पाने गळालेल्या कांड्या कुरूप दिसतात म्हणून छाटू नयेत. त्यांत साठा असतो आणि डेंड्रोबियमला त्यांवरही फूल येते.

हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे. आम्ही एकदा घाई करून भर जुलैत कापणी केली आणि निम्मी झाडे कुजून गेली.

कुंडी बदलताना झाडाची जुनी बाजू कडेला टेकवावी आणि वाढती बाजू मध्याकडे ठेवावी. सोडणाचे तुकडे, कोळसा आणि विटांचे खडे यांत ते दोन वर्षे आत मावते. नवी फूट कोवळी असतानाच मऊ सुतळीने काठीला आत वळवून बांधावी, नंतर ती मोडेल पण वळणार नाही. तांब्याची उरलेली तार बांधण्यास वापरू नये, ती झाडाला बाधते. वर चढणाऱ्या ऑन्सिडियमशी कुंडीत झगडत बसण्यापेक्षा ते उभ्या फळीवर बांधावे. व्हँडासाठी सागाच्या पट्ट्यांची चौकोनी टोपली लागते. आमच्या सुतार बांधवांनी इकडे लक्ष द्यावे. कारखान्यात उरलेल्या कपच्या, चार कोपऱ्यांत तार, पॉलिश अजिबात नाही, एवढ्यात हा माल तयार होतो.

बाजारात याहून सोपे मार्गही आहेत. हापूसच्या बागांत कल्टार म्हणून माहीत असलेले पॅक्लोब्युट्राझोल झाडाची वाढ रोखते. छोट्या कुंडीत त्याचे माप साधणे कठीण असते, जास्त झाले तर फुलाचा दांडाही खुरटतो आणि असर ओसरल्यावर झाड गिऱ्हाइकाच्या घरी पुन्हा लांबते. काही जण बिनमुळांच्या जुन्या कांड्या एकत्र रोवून कुंडी भरगच्च दाखवतात. वरून कोरडा आणि आतून ओला धान्याचा ढीग पाहून पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्या विक्रेत्याला काय विचारले, हे आपल्या व्यापारी बांधवांना नव्याने सांगायला नको. औषध घातले असेल तर तसे सांगून विकावे. आम्ही स्वतः ते घालत नाही.

जंगलातली झाडे तोडून आणण्याचा मोहही टाळावा. निळ्या व्हँडासारख्या काही जातींना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. प्रयोगशाळेत तयार झालेली रोपे बाजारात सहज मिळतात.

व्हँडाची खालची पाने गळून नुसता दांडा उरला असेल, तर दोन-तीन चांगली मुळे शेंड्याच्या भागाकडे राहतील अशा बेताने खोड कापावे आणि शेंडा नव्या टोपलीत बसवावा. बुडखा फेकू नये. त्याला पाणी देत राहावे, बहुधा बगलेतून पिल्ले फुटतात. एका न विकल्या जाणाऱ्या झाडाची दोन आटोपशीर झाडे होतात. विकताना कुंडीला चिठ्ठी बांधावी आणि तीत कापणीचा महिना व झाडाला किती ऊन लागते ते लिहावे.