विंडोजला पर्याय शोधताना: आधी कामांची यादी, मग कार्यप्रणाली

विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही; परंतु सुरक्षेतील त्रुटी बुजवणाऱ्या मोफत दुरुस्त्यांचा नेहमीचा ओघ आटला. हव्या असणाऱ्यांसाठी कंपनीने एका वर्षाची वाढीव योजना देऊ केली, इतकेच. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. परिणामी, अगदी ठणठणीत चालणारे असंख्य संगणक एका नियमाने 'जुने' ठरले. अशा वेळी नवा संगणक घ्यावा की त्याच यंत्रावर दुसरी कार्यप्रणाली बसवावी, हा प्रश्न अनेक घरांत आणि छोट्या कार्यालयांत उभा राहतो.

पर्याय मोजकेच आहेत. ॲपलची मॅकओएस हवी तर यंत्रही ॲपलचेच घ्यावे लागते. गुगलची क्रोमओएस फ्लेक्स २०२२ पासून मोफत मिळते, पण तिचा सारा व्यवहार ब्राउझरभोवती फिरतो. उरते ती लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ज्याची सुरुवात केली, ती मुक्त स्रोत लिनक्स. तिच्या उबुंटू, मिंट, फेडोरा अशा अनेक आवृत्त्या आहेत आणि त्यांपैकी श्रेष्ठ कोणती, यावर जाणकार मंडळी तासन् तास वाद घालू शकतात. विंडोजची सवय असलेल्या नवख्याला मिंट सहसा जवळची वाटते. दोन जीबी मेमरीवरही ती चालू शकते, परंतु चार जीबी असल्यास काम सुसह्य होते.

खरा प्रश्न आवृत्तीचा नसून कामाचा आहे. घरी संगणकावर मेल, बँकेचे संकेतस्थळ, चित्रपट, मुलांचा अभ्यास एवढेच होत असेल तर लिनक्सवर फारसे अडत नाही, कारण यांतील बहुतेक कामे ब्राउझरमध्येच होतात. पत्रे आणि तक्त्यांसाठी लिबरऑफिस आहे. कार्यालयात मात्र एखादीच आज्ञावली सारे गणित बिघडवते. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराने हे आधीच ध्यानात घ्यावे, कारण ती आज्ञावली विंडोजसाठी घडवलेली आहे. विंडोजच्या आज्ञावली लिनक्सवर चालवणारे 'वाइन' हे साधन उपलब्ध आहे. पण महिनाअखेरीचे हिशेब त्याच्या भरवशावर सोडणे शहाणपणाचे नव्हे. डिजिटल सहीचा टोकन, स्कॅनर आणि बिले छापणारा प्रिंटर यांचे लिनक्ससाठीचे ड्रायव्हर मिळतात का, हेही विक्रेत्याला आधी विचारावे.

मराठी कार्यालयांची आणखी एक अडचण आहे आणि तिची चर्चा क्वचितच होते. वर्षानुवर्षे मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित झाला. अशा फायलींत अक्षरे प्रत्यक्षात रोमन संकेतांचीच असतात. फाँट केवळ त्यांना देवनागरीचा वेश चढवतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. फाँटची फाइल लिनक्सवर नेता येते, पण त्यात टंकलेखन करू देणारी आज्ञावली बहुधा विंडोजचीच असते. म्हणून जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालणे हे काम स्थलांतराआधीच उरकावे. युनिकोड मजकुराला हा धोका नाही. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये असतोच आणि उच्चारानुसार टंकलेखनाची सोयही जोडता येते. फाँट बदलल्याने दोन पानांचे पत्र तिसऱ्या पानावर सांडू शकते, एवढे मात्र गृहीत धरावे.

मोठ्या संस्थांनाही हाच अनुभव आला. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलिस दलाने २००५ मध्ये आधी ओपनऑफिस स्वीकारले, २००६ मध्ये फायरफॉक्स आणि थंडरबर्ड आणले आणि कर्मचाऱ्यांचा हात त्यांवर बसल्यानंतरच २००८ पासून उबुंटूकडे वळण घेतले. वापरातल्या आज्ञावली ओळखीच्याच राहिल्याने त्यांच्याखालची कार्यप्रणाली बदलणे सोपे गेले. म्युनिक महापालिकेने २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले; मात्र २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव झाला. त्यामागे राजकारण होते, पण बाहेरून येणाऱ्या फायलींची विसंगती आणि विंडोजशिवाय न चालणाऱ्या आज्ञावली याही तक्रारी होत्या.

छोट्या कार्यालयाला हा धडा सहज गिरवता येतो. आजच्या विंडोजवरच महिनाभर लिबरऑफिस वापरून पाहावे. ते जमले की लिनक्सची प्रतिमा पेन ड्राइव्हवर उतरवून, काहीही न बसवता, संगणक थेट त्यावरून सुरू करता येतो. पेन ड्राइव्हवरील आधीचा मजकूर यात पुसला जातो आणि वेगही प्रत्यक्ष बसवलेल्या प्रणालीपेक्षा कमी असतो. त्यावरून मत बनवू नये. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि मराठी कळफलक तेवढे तपासावेत. बसवण्याची वेळ आली की सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडते का, हे दुसऱ्या संगणकावर पाहावे. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवावी; ती हरवल्यास स्वतःच्याच फायली कायमच्या बंद होतात. टॅलीसारखे काम असलेला एक संगणक विंडोज ११ वर ठेवून बाकीचे लिनक्सवर नेले, तरी चालते.