कार्ब्युरेटर: दुरुस्ती की बदली?

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी ज्यांनी अद्याप जिवापाड सांभाळली आहे, त्यांची गाडी सकाळी सुरू होण्यास कुरकुरू लागली, की सारा दोष कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो. वास्तविक या यंत्राचे कार्य इतके सरळ आहे, की नळीच्या अरुंद कंठातून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब उतरतो आणि त्यामुळे फ्लोटच्या कोठीतले पेट्रोल जेटच्या सूक्ष्म छिद्रातून ओढले जाऊन, वजनाने सुमारे १५ भाग हवेस १ भाग पेट्रोल, असे मिश्रण सिद्ध होते.

बिघाड बहुधा क्षुल्लक असतो: दीर्घकाळ उभ्या गाडीतील पेट्रोलचा चिकट थर जेटमध्ये बसतो. अशा वेळी जेटमध्ये तार खुपसण्याचा जो सर्रास दस्तूर आहे, तो मला अक्षम्य वाटतो, कारण छिद्र केसभर रुंदावले तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. जेट द्रावकात भिजवून दाबाच्या हवेने फुंकावा व गास्केट नवे घालावे.

मात्र थ्रॉटलच्या दांड्याची भोके झिजून तेथून हवा शिरू लागली, आणि नवे बुश बसविणारा कुशल कारागीर लाभला नाही, तर बदलीवाचून इलाज नाही. कामास हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार तेवढी अवश्य सोडवावी.