शाळेतला क्लब : खर्च की बचत?

मार्च महिना आला की इथल्या भारतीय शाळांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "ती आता परत येणार नाही." कुणाच्या वडिलांची नोकरी सुटते, कुणाची बदली होते, कुणी दहावीच्या आधीच पुण्याला परत जाते. आपला निवासी व्हिसा बहुधा नोकरीशी बांधलेला असतो. मोठ्यांचे निर्णय काही आठवड्यांत होतात आणि मुलांची मैत्री तुटते. गावाकडे अशा वेळी आजी असते, मामा-मावशी असतात, गल्लीतली चार पोरे असतात. इथे फ्लॅटचे दार लावले की मूल एकटे.

माझी भाची शारजात राहते. ती नववीत असताना तिची जिवलग मैत्रीण सत्राच्या मध्येच भारतात परतली. त्यानंतर भाचीचा डबा तसाच घरी येऊ लागला. पोट दुखते म्हणून शाळा बुडू लागली. डॉक्टरांकडे दोन फेऱ्या झाल्या, रक्त तपासले, सगळे व्यवस्थित निघाले. "पुढच्या वर्षी बोर्ड आहे, तो शाळेतला क्लब बंद करा, उशिराच्या बसचे पैसेही वाचतील," असा सल्ला मीच ताईला दिला होता. नशिबाने तिने तो ऐकला नाही.

खरे दुखणे ओळखले ते अकरावीतल्या एका मुलीने. ती शाळेतल्या समवयस्क मदत गटात होती. मधल्या सुट्टीत ही एकटी बसते हे तिने पाहिले. चार दिवस नुसती शेजारी बसली, पाचव्या दिवशी तिला समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. (हे सारे भाचीला आणि ताईला विचारूनच लिहीत आहे.)

असे गट म्हणजे काही नवे फॅड नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांतून मीना-राजू मंच चालतात. तिथे मुले-मुली आपल्या अडचणी एकमेकांशी बोलतात आणि एक शिक्षक त्यांच्या पाठीशी असतो. भारत सरकारने 2014 मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावोगावी किशोरवयीन मुलामुलींनाच प्रशिक्षण देऊन 'साथिया' नेमले जातात. कारण उघड आहे. या वयात मूल पहिल्यांदा बोलते ते मित्राशी, आईबापाशी नव्हे.

पण मित्र म्हणजे डॉक्टर नव्हे, हेही तितकेच खरे. अमेरिकेत 'सोर्सेस ऑफ स्ट्रेंग्थ' नावाचा असाच एक कार्यक्रम आहे. तिथल्या 18 हायस्कुलांतील पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्या शाळांत, आत्महत्येचे विचार करणाऱ्या मित्राची गोष्ट मोठ्या माणसापर्यंत नेण्याचे प्रमाण प्रशिक्षित विद्यार्थ्यांत अप्रशिक्षितांच्या चौपट आढळले. मुलांनी मुलांवर उपचार करायचे नाहीत. पाहायचे, ऐकायचे आणि योग्य माणसापर्यंत न्यायचे. "कुणाला सांगू नकोस" हे वचन जिवाच्या प्रश्नात पाळायचे नाही, हा अशा गटाचा पहिला नियम असायला हवा.

आता पैशाचे बोलू. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे चूक लवकर सापडली तर दुरुस्ती स्वस्तात होते आणि ग्राहकापर्यंत गेल्यावर सापडली तर महागात पडते. मनाचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 10 ते 19 वयोगटातील सातांपैकी एकाला काही ना काही मानसिक त्रास असतो. इथे खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडची एकच भेट शेकडो दिरहॅमला पडते. शाळेतल्या गटाला वेळ लागतो आणि फार तर उशिराच्या बसचे भाडे. घरखर्चाच्या वार्षिक हिशेबात शिकवणीच्या ओळीखाली ही एक छोटी ओळ जरूर लिहावी. आरोग्य विम्याच्या कागदात मानसोपचाराचा खर्च मिळतो का आणि किती मर्यादेपर्यंत, हेही आजच पाहून ठेवावे. गरज पडल्यावर तो कागद शोधणे अवघड जाते.

विज्ञान, रोबोटिक्स, वादविवाद, पर्यावरण अशा क्लबांचाही इथे उपयोग होतो. जिवलग मैत्रीण गेली तरी दर आठवड्याला ठरलेल्या वेळी भेटणारी दहा मुले उरतात. परदेशात वाढणाऱ्या मुलासाठी तीच गल्ली.

पालकसभेला जाल तेव्हा चार गोष्टी जरूर विचारा. शाळेत समुपदेशक रोज असतात का? मदत गटातल्या मुलांना प्रशिक्षण कोण देते? मुलांवर भार पडला तर त्यांच्याकडे कोण पाहते? गोष्ट गंभीर निघाली तर पालकांना केव्हा कळवतात?

घरी दोन नंबर लिहून ठेवा. बालसंरक्षणासाठी अमिरातीच्या गृह मंत्रालयाची हेल्पलाइन 116111 आहे आणि जिवाला धोका असेल तर पोलिसांचा 999. परीक्षेच्या ताणासाठी सीबीएसई 1998 पासून दूरध्वनीवर समुपदेशन देत आली आहे, त्याचाही लाभ घ्यावा.

भाची आता दहावीत आहे. अभ्यास चालू आहे, डबा रिकामा येतो. यंदा मदत गटासाठी तिने स्वतःचे नाव दिले आहे. तिच्या वर्गात एप्रिलमध्ये एक नवी मुलगी आली, तिला अजून कुणी ओळखत नाही. मधल्या सुट्टीत भाची तिच्या शेजारी बसते.