मांजराच्या पिलाला शिंका येतात तेव्हा

"डॉक्टर, पिलाला सर्दी झाली आहे. हिच्या तापाचे औषध घरात आहेच, त्यातले चार थेंब देऊ का?" मुलीला तपासून झाल्यावर बाईंनी सहज विचारले. आठ दिवसांपूर्वी आणलेले मांजराचे पिल्लू शिंकत होते. मी खुर्चीतून जवळजवळ उठलोच. ते औषध पॅरासिटामॉल होते.

मी माणसांचा डॉक्टर. जनावरांच्या उपचारात लुडबूड करीत नाही. पण एवढे सांगायलाच हवे. आपले यकृत ज्या मार्गाने या औषधाचा निचरा करते, तो मार्ग मांजरात फार अपुरा असतो. रक्त प्राणवायू नीट वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड व पंजे सुजतात. एका गोळीने मोठे मांजरही दगावू शकते, मग पिलाची काय कथा! कापूर-निलगिरीचा बामही त्याला चोळू नये.

पिलांच्या शिंकांमागे बहुधा मांजरांचे दोन विषाणू असतात, हर्पिस आणि कॅलिसी. ते आईकडून किंवा दुसऱ्या मांजराकडून येतात. हर्पिस शरीरात दबा धरून राहतो आणि घर बदलल्याच्या ताणाने उचल खातो. म्हणूनच पिल्लू घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत शिंका सुरू होतात. हे विषाणू माणसाला लागत नाहीत. मात्र पिलाजवळ गेले की मुलालाच शिंका किंवा धाप लागत असेल, तर ती ॲलर्जी असू शकते. त्याला तपासून घ्या.

पिल्लू खेळत-खात असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक-डोळे पुसावेत, उबेत ठेवावे, उदबत्ती व डासांच्या कॉइलचा धूर टाळावा. घरात दुसरे मांजर असल्यास दोघांची भांडी वेगळी ठेवावीत. नाक चोंदले की वास येत नाही, आणि वास आला नाही की मांजर खात नाही. म्हणून अन्न किंचित कोमट करून द्यावे. दिवसभर काही खाल्ले नाही, तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागले, शेंबूड पिवळा-हिरवा झाला किंवा डोळे चिकटले, तर थांबू नका. पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींसाठी नसतो.

बाईंनी पिल्लू त्याच संध्याकाळी तिकडे नेले. पण बोलता बोलता मुलीच्या मनगटावर रक्ताळलेला ओरखडा दिसला. "काल खेळताना लागले," ती म्हणाली. पिलाला रेबीजची लस दिलेली नव्हती. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली आणि तिला रेबीजची लस सुरू केली. पुढच्या इंजेक्शनला ती परवा येणार आहे, रडतच.